सरासरीत न दिसणारा पाऊस

हिंगणघाट तालुक्यातले कापूस पिकवणारे काका आणि पुण्यात हवामानशास्त्र शिकणारी त्यांची पुतणी यांच्यातलं हे बोलणं.

काका : पराटी हिरवीगार होती, बाई. लय दिवस पाणी नव्हतं, मग एका रातीत धो धो आला. वावरात पाणी साचलं अन् झाडं माना टाकून बसली! रोग म्हणावा तर पानावर डाग नाही.

पुतणी : ही आकस्मिक मर, काका. ओढ बसलेल्या जमिनीत एकदम पाणी भरलं की मुळांना हवा मिळत नाही. मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि पानं वाळतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळं आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

काका : ते काढतो. पण आधी चार-चार दिवस झड लागायची, ती गेली कुठं?

पुतणी : तुमची आठवण खरी आहे. मध्य भारतात मध्यम पाऊस घटला आणि अतिमुसळधार वाढला, हे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलं. पुढं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५च्या नोंदी तपासल्या. दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर आणि तोही मोठ्या पट्ट्यात, असा पाऊस तिपटीनं वाढल्याचं त्यांना आढळलं. हंगामाचा एकूण पाऊस मात्र घटत गेला.

काका : पण कमी दाबाचा पट्टा तर बंगालकडून येते ना?

पुतणी : पट्टा तिकडचा, पण या मोठ्या पावसाचं जादा बाष्प येतं अरबी समुद्रावरून. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यात पश्चिमेचे मोसमी वारे आता एकसारखे वाहत नाहीत. ते अचानक जोर धरतात आणि बाष्पाचा लोंढा इथवर आणतात.

काका : अन् मदत मागायला गेलो तर म्हणते, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ भरले नाहीत.

पुतणी : अतिवृष्टीचा निकष तोच, २४ तासांत ६५ मिलिमीटर. पण दोन तासांत कोसळलेले ५० मिलिमीटर दिवसभर पडलेल्या ६५ पेक्षा जास्त घात करतात. त्याआधीचा कोरडा खंड तर या आकड्यात येतच नाही. माझ्या मते खंड आणि मारा दोन्ही एकत्र धरायला हवेत, आणि तेही गावागावांत मोजून.

काका : निंदणाच्या बायांचं काय? वावरात चिखल म्हणजे त्यांची मजुरी बुडाली. त्यांच्या घरी पंचनाम्याला कोण जाते?

पुतणी : कोणीच नाही. पंचनामा पिकाचा होतो, बुडालेल्या रोजाचा नाही. कामाचे किती दिवस गेले, तेही लिहून ठेवायला हवं.

काका : मग गावातच पाऊस मोजायला मापक बसवू. कुठं बसवायचा?

पुतणी : झाडं आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर. रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, म्हणजे ताडून पाहता येईल. आणि जोराचा पाऊस आला तर सुरू कधी झाला, थांबला कधी, तेही वहीत लिहा.