शोषखड्ड्याची जागा व शेजारचे बावखल

राजोडी, निर्मळ, आगाशी ह्या पश्चिम वसईच्या पट्ट्यात वाडीला लागून बावखल असण्याची जुनी रीत आहे. पूर्वजांनी खणलेल्या ह्या तळ्यात पावसाचे गोडे पाणी साठते, रेताड जमिनीत मुरते व आसपासच्या विहिरींस पोहोचते. समुद्र जवळ असल्यामुळे खोलवरचे पाणी खारे असते. गोड्या पाण्याचा थर त्यावर तरंगतो. म्हणून नवे घर बांधताना सेप्टिक टाकी व तिचा शोषखड्डा कोठे असावा, हा प्रश्न एका घराचा नसून सर्व शेजाऱ्यांचा आहे.

प्रथम टाकीचे कार्य समजून घ्यावे. टाकीत गाळ खाली बसतो व काही अंशी कुजून विरतो. परंतु बाहेर पडणारे पाणी शुद्ध झालेले नसते. रोगजंतूंचा नाश मुख्यत्वे शोषखड्ड्याखालच्या कोरड्या मातीत होतो. तेथे मातीच्या कणांत हवा खेळते व पाणी सावकाश उतरते. तीच माती पाण्याने भरलेली असल्यास घाण थेट भूजलात मिसळते. नत्र तर कोरड्या मातीतूनही पुष्कळ अंशी पुढे जाते. ते बावखलात गेले म्हणजे शेवाळ व जलपर्णी माजतात. त्या कुजल्या की पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात.

ह्यावरून मुख्य धडा हा की, जागेची परीक्षा वैशाखात नव्हे, श्रावणात करावी. उन्हाळ्यात जेथे दोन मीटर खणूनही पाणी लागत नाही, तेथेच पावसाळ्यात ते हातभर खोलीवर येऊ शकते. भर पावसाळ्यात लहानसा खड्डा खणून, एक दिवस थांबून, पाणी किती खाली स्थिरावते ते मोजावे.

भारतीय मानक आय. एस. २४७० (१९८५) ह्यात सांगितले आहे की, टाकी दलदलीत किंवा पूर येणाऱ्या जागी नसावी. पाणी जिरविण्याची व्यवस्था पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटरांच्या आत नसावी. आणि भूजल १८० सेंटिमीटरांच्या आत असल्यास जिरवणीचे चर भराव घालून उंच करावेत. रेतीतून पाणी झपाट्याने जाते, म्हणून १८ मीटर ही किमान मर्यादा समजावी व बावखलासही तीच लावावी. जेथे इतकी जागा नाही, तेथे दोनचार घरांनी मिळून दूर व उंच ठिकाणी एकच व्यवस्था करावी. नाहीतर गळती नसलेली बंद टाकी बांधून ती वेळोवेळी उपसावी. उपसलेला मैला खाडीत किंवा खाजणात न सोडता शुद्धीकरण केंद्रावरच न्यावा.

अनुवाद २३:१२-१३ ह्यात इस्राएल लोकांस छावणीबाहेर जागा नेमण्याची व मळ मातीने झाकण्याची आज्ञा आहे. तेथेही जागेचा विचार आधी, खणणे मागून.

विचारार्थ प्रश्न :

१. आपल्या बावखलाचे पाणी कोणकोणत्या विहिरींस पोहोचते?

२. गेल्या पावसाळ्यात आपला शोषखड्डा तुंबला होता काय?

३. नव्या घराची आखणी करताना शेजाऱ्याची विहीर मोजणीत घेतली आहे काय?