दीड मिनिटाचा हिशेब

चि. अमोल यास,


अवजड वाहनाचा परवाना हातात आला आणि आता तू उरणहून चाकणला कंटेनर नेणार, हे ताईने कळवलं. फार आनंद झाला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आता तुझी रोजची ये-जा होईल, म्हणून एकच गोष्ट निक्षून सांगतो : ओव्हरटेक करण्याआधी हिशेब कर.

सपाटीवर आपल्या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, स्पीड गव्हर्नरही तेवढ्यावरच बांधलेला. पुढचा ट्रेलर ७५ ने चालला आहे आणि तू ८० ने, असं समज. दोन्ही गाड्या १६-१६ मीटर लांब, शिवाय आधी आणि नंतर २०-२० मीटर अंतर सोडायचं. ताशी ५ किलोमीटरच्या फरकाने एवढं पार करायला ५० सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात एक किलोमीटर मागे पडतो. तोवर मधली लेन तू अडवलेली, आणि १०० ने येणाऱ्या मोटारी ब्रेक दाबत उजवीकडे घुसतात. अपघात असाच होतो. एवढं करून ३० किलोमीटरच्या सपाटीत तुझं वाचतं किती? दीड मिनिट.

पुढची गाडी ६० नेच चालली असेल, तर गोष्ट निराळी. १३ सेकंदांत, ३०० मीटरच्या आत तू पुढे जातोस. मग जरूर जा. दोन्ही आरसे बघ, इंडिकेटर आधी दे, मधल्या लेनने पुढे हो आणि जागा मिळताच डावीकडे ये. उजवी लेन आपली नाहीच. आणि कोणी तुला ओलांडत असेल, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचल. त्याचं ओव्हरटेक निम्म्या वेळात उरकतं. त्यात कमीपणा नाही, तीच खरी ड्रायव्हरकी.

बोरघाटात मात्र हा विचारही मनात आणू नकोस. चढावर लोड गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गाठायला घेतलं की तिन्ही लेन बंद होतात. मागे ॲम्ब्युलन्स असली, तर आतल्या माणसाने काय करायचं? उतरताना खालचा गिअर वरूनच टाकून ठेव, एक्झॉस्ट ब्रेक वापर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, ते तू कधीही करू नकोस. इंजिनाची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन उतारावर ब्रेक लागेनासे होतात.

खेप उशिरा पोहोचली म्हणून मालक बोलले, तर वाद घालू नकोस. वरचा हिशेब त्यांना शांतपणे मांडून दाखव. तरीही ते घाईच करायला सांगू लागले, तर दुसरी गाडी बघ. तुझ्या हाताला काम कमी पडणार नाही.

तुझा,
मामा