न खाजणारा चट्टा



डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर आरोग्याच्या कामासाठी फिरताना अंगावरचे डाग दाखवणारे लोक मला नेहमी भेटतात. कुणाला गजकर्ण असते, कुणाला शिबं. खाज सुटली की माणसे आपणहून येतात. पण ज्याच्या अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही, तो येत नाही. "काय त्रास नाय, ताई," म्हणून तो कामाला जातो. मला काळजी वाटते ती त्याचीच.

चट्टा बधिर असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. या रोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात, म्हणून तिथला स्पर्श कळेनासा होतो. पुढे चुलीचा चटका, पायातला काटाही कळत नाही. जखमा चिघळतात, बोटे वाकडी होतात. वेळेवर औषध मिळाले तर हे टळते.

घरी एवढे करून पाहा. डोळे मिटायला सांगून चट्ट्याला कापसाने हलकेच स्पर्श करा आणि जागा बोटाने दाखवायला सांगा. टाचणी टोचू नका. जागा दाखवता आली नाही तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. कानाच्या पाळीवर गाठी, हातापायांना मुंग्या, पापणी पूर्ण न मिटणे, ही लक्षणे असली तरीही जा. कोड वेगळे. ते पांढरेशुभ्र असते, तिथे स्पर्श कळतो आणि ते कुणाला लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, तसेच डहाणू आणि तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत औषध मोफत मिळते. पाचपर्यंत चट्टे असल्यास साधारणपणे ६ महिने, जास्त असल्यास १२ महिने. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरणे थांबते. रुग्णाला वेगळे ठेवायचे कारण नाही. गोळ्यांनी लघवी लालसर होते, कातडी काळपट दिसू शकते. घाबरून औषध सोडू नये.

औषध सुटते ते बहुधा दिवाळीनंतर, कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला जातात तेव्हा. निघण्यापूर्वी आशाताईंना सांगावे, गोळ्यांची पाकिटे आणि उपचाराचे कार्ड सोबत न्यावे.

तुमच्यापैकी कुणाच्या चिकूवाडीत, घरी वा कारखान्यात ही माणसे कामाला असतील, तर एवढे करा: त्यांना हे सांगा, आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नका. एका दिवसाच्या मजुरीसाठी दवाखाना टाळणारी माणसे मी पाहिली आहेत.