जळका डबा

अठ्ठावीस वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. दर ऑगस्टमध्ये मोठ्या वर्गांचा वादविवाद घ्यायचे : ‘हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का?’ निवृत्त झाल्यावर हिरोशिमाला जाऊन आले. मुलांनी आणि त्या शहराने मिळून मला जे शिकवलं, ते असं.

१. समर्थन करणाऱ्याला राक्षस समजू नका.
जून १९४५मध्ये ओकिनावाची लढाई संपली, तोवर अमेरिकेचे बारा हजारांवर सैनिक कामी आले होते. पुढची स्वारी क्यूशू बेटावर, १ नोव्हेंबरला ठरली होती. ज्या आईचा मुलगा त्या जहाजांवर चढणार होता, तिचा जीव बॉम्बच्या बातमीने भांड्यात पडला असेल. तिची ही बाजू समजून न घेता बोललेला माझा एकही विद्यार्थी समोरच्याला पटवू शकला नाही.

२. ‘दुसरा इलाजच नव्हता’ असं कुणी म्हणालं की तारखा काढा.
६ ऑगस्टला हिरोशिमा. ८ला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. ९ला नागासाकी. दोन बॉम्बांमध्ये जेमतेम तीन दिवस. शिवाय त्या दिवशीचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे वरून नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. कोणतं शहर जळणार हे जिथे आभाळावर ठरलं, तिथे ‘नाइलाज’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

३. ‘तेव्हा कुणाला कळत होतं?’ ही पळवाट आहे.
जर्मनी बॉम्ब बनवू शकणार नाही हे कळल्यावर शास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लॅट १९४४च्या अखेरीस अमेरिकेचा अणुबॉम्बचा प्रकल्प सोडून निघून गेले. जून १९४५मध्ये त्याच प्रकल्पातल्या जेम्स फ्रँक यांच्या समितीने सुचवलं, आधी निर्जन जागी स्फोट करून दाखवा. जुलैत तिथल्याच लिओ झिलार्ड यांनी बॉम्बच्या वापराविरुद्ध अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी लिहिलेल्या अर्जावर सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. कळणाऱ्यांना कळत होतं, पण त्यांचं चाललं नाही.

४. मागचं पाप पुढच्या पापाचं समर्थन होत नाही.
एका मुलाने विचारलं होतं, “बाई, १० मार्चला टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून लाखभर माणसं मारलीच होती. मग अणुबॉम्बचंच एवढं काय?” तेव्हा मी गप्प झाले. आज सांगेन, टोकियो पचलं म्हणून हिरोशिमा सोपं गेलं. आणि हिरोशिमात अंगावर जखम नसलेली माणसंही किरणोत्सर्गाने पुढे कित्येक आठवडे, कित्येक वर्षं मरत राहिली.

५. आकड्यावर थांबू नका.
१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं गेली. हा आकडा मी फळ्यावर इतक्यांदा लिहिला की हात आपोआप चालायचा. तिथल्या संग्रहालयात एक डबा आहे. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलाचा. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळी जागा करण्याच्या कामाला त्या सकाळी शाळेतली मुलं लावली होती. सव्वाआठला बॉम्ब फुटला. डबा आईला मुलाच्या प्रेताजवळ सापडला. आतलं अन्न जळून कोळसा झालेलं, झाकण अजून तिथेच. मी आयुष्यभर मधल्या सुट्टीत मुलांना दटावत आले, “डबा संपवा.” त्या काचेसमोरून माझे पाय हलेनात.

६. प्रश्न आपल्या घरातलाही आहे.
मे १९९८मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर मी पेढे वाटले होते. तेव्हाचा अभिमान खोटा नव्हता. पण ते अस्त्र कुणाच्या अंगावर पडणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, याचं आज वाईट वाटतं. आपण आधी वापरणार नाही, या भारताच्या धोरणाचा मला आधार वाटतो. तरी नंतर टाकलेला बॉम्बसुद्धा कुणाच्या तरी शाळेवरच पडेल.

माझा एक विद्यार्थी आता इतिहास शिकवतो. वादविवादाचा हाच विषय त्याने मागून घेतला. त्याला म्हटलं, “घे. दोन्ही बाजू जोरात मांडू दे. फक्त बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने आपला डबा समोरच्या बाकावर ठेवायचा, आणि त्याच्याकडे बघून बोलायचं.”