लस टोचली, नोंद राहिली : खाप्यातील श्वानपालनाविषयी

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठचे आणि एकोणिसाव्या शतकातच नगरपालिका लाभलेले जुने गाव असून, तेथे कुत्रा पाळण्याची रीत नागपुरातील सदनिकांतल्या श्वानपालनाहून बरीच निराळी आहे. विकत आणलेला, घरात पट्ट्याने बांधून ठेवलेला जातिवंत कुत्रा येथेही आढळतो. परंतु पुष्कळ कुत्री दिवसा गल्लीत, रात्री एखाद्या घराच्या छपरीत आणि हंगामात वावरातल्या राखणीला असतात, आणि त्यांना भाकर टाकणारी घरेही बहुधा एकाहून अधिक असतात. अशा कुत्र्याचा धनी कोण, हा प्रश्न एरवी कोणालाच पडत नाही. तो पडतो कुत्रा चावल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेणे आणि त्या कुत्र्याची नगरपरिषदेत आपल्या नावाने नोंद करणे या दोन गोष्टी पाळणारे लोक वेगवेगळ्या मानतात, पहिली जमली तर करतात आणि दुसरी सोडून देतात. प्रत्यक्षात दुसरीवाचून पहिलीचा निम्मा उपयोग वाया जातो, हे अनुभवांती कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

रेबीज, म्हणजे बोलीभाषेत ज्याला कुत्रा पिसाळणे म्हणतात तो रोग, लिसाव्हायरस या गटातील विषाणूमुळे होतो. हा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो, तेथून रक्तावाटे नव्हे तर मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो, आणि मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. चावा आणि लक्षणे यांमधला काळ, ज्याला उष्मायन काळ म्हणतात, माणसात साधारणपणे दोन ते तीन महिन्यांचा असला तरी तो एका आठवड्याइतका कमी किंवा वर्षाइतका दीर्घही असू शकतो. जखम डोक्याच्या जितकी जवळ तितका तो कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात, त्यांतील सुमारे ३६ टक्के भारतातील असतात, आणि माणसाला होणारा ९९ टक्क्यांपर्यंतचा संसर्ग कुत्र्यांकडून येतो. चावा घेतल्या गेलेल्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि मूल घाबरून घरी काही सांगत नाही, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हटले की दिसेल त्याच्या अंगावर धावणारा, दिसेल ते चावणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो. परंतु हे रोगाचे एकच रूप झाले. दुसऱ्या रूपाला मुका किंवा पक्षाघाती रेबीज म्हणतात. त्यात कुत्रा शांत होतो, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते आणि त्याला पाणीसुद्धा गिळता येत नाही. घरच्या माणसाला वाटते की घशात हाड अडकले, आणि तो मायेपोटी त्याच्या तोंडात हात घालून चाचपू लागतो. या एका कृतीत चावा नसतो, भुंकणे नसते, भीतीचे काहीच नसते. तरीही नखाजवळच्या सालपटातून विषाणू आत जाण्यास तेवढे पुरते. जबडा लोंबणाऱ्या आणि लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात कोणीही हात घालू नये आणि पशुवैद्यकाला बोलवावे, हा नियम लहान मुलांनाही समजावून सांगितला पाहिजे.

ज्या कुटुंबावरील प्रसंगातून हे विवेचन निघाले, त्या कुटुंबाचा कुत्रा पिसाळलेला दिसत नव्हता, आणि म्हणूनच तो प्रसंग बोध घेण्यासारखा आहे. खाप्यातील या घरी पिल्लू असल्यापासून वाढवलेला कुत्रा होता. त्याला लहानपणी एका शिबिरात लस टोचलेली होती, परंतु पुढील वर्षांची टोचणी झाली की नाही हे घरातील कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते, कार्ड सापडत नव्हते, आणि गळ्यात पट्टा असला तरी त्यावर बिल्ला नव्हता. हा कुत्रा शेजारच्या मुलाच्या पोटरीला चावला. रुग्णालयात डॉक्टरांनी साहजिकच विचारले की कुत्रा कोणाचा, लस दिलेली आहे काय, आणि तो डोळ्यांसमोर ठेवता येईल काय. पहिल्या प्रश्नाला घरच्यांनी आमचा म्हणून उत्तर दिले, दुसऱ्याला दाखवण्यासारखा कागद नव्हता, आणि तिसऱ्याचे उत्तर असे निघाले की गल्लीतल्या लोकांनी दगड मारून त्याला पळवून लावल्यापासून तो परतलाच नव्हता. मुलाचे उपचार पूर्ण झाले आणि ते सुखरूप राहिले. परंतु दोन्ही घरांनी पुढचे कित्येक आठवडे जी धास्ती सोसली, ती एका कार्डाने आणि कुत्रा दावणीला ठेवण्याच्या तयारीने बरीचशी टळली असती. शेजारधर्मात पडलेली तेढ मात्र उपचार संपल्यावरही उरली.

त्यामुळे कार्ड म्हणजे काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. लसीच्या छोट्या कुपीवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर लसीचे नाव, उत्पादनाचा गट क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असते. टोचणी झाल्यावर पशुवैद्यकाने ती पट्टी कार्डावर डकवून शेजारी तारीख, पुढील टोचणीची तारीख, सही आणि शिक्का द्यावा, अशी अपेक्षा पाळणाऱ्याने धरावी आणि तसे तिथल्या तिथे मागून घ्यावे. नुसत्या तोंडी 'लस दिली' या शब्दाला पुढे कोणीही प्रमाण मानू शकत नाही. कार्डावर कुत्र्याचा रंग, लिंग, अंदाजे वय आणि अंगावरची एखादी खूण लिहिलेली असेल तर ते कार्ड त्याच कुत्र्याचे आहे हेही ठरते. पिल्लाला पहिली टोचणी साधारणपणे तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्धक मात्रा, आणि पुढे दरवर्षी एकदा. तीन महिन्यांआतल्या पिल्लाला रेबीज होत नाही हा समज निखालस चुकीचा असून, पिल्लाचे दात लागले तरी उपचार तेवढ्याच तातडीने घ्यावे लागतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावी लागते. विदर्भातल्या मे महिन्यात ती दुकानातून साध्या पिशवीत घालून दुचाकीवरून आणली, तर टोचणी होते पण संरक्षणाची खात्री राहत नाही, म्हणून ती बर्फाच्या डब्यातून आणावी किंवा दवाखान्यातच टोचून घ्यावी.

चावा झाल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे कोणत्याही औषधापेक्षा मोलाची असतात. वाहत्या पाण्याच्या नळाखाली जखम धरून साबणाने तितका वेळ चोळून धुतली, तर विषाणूचा मोठा भाग तेथेच नष्ट होतो, कारण त्याचे बाह्य आवरण चरबीयुक्त असते आणि साबण ते विरघळवतो. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये, आणि ती आपणहून घट्ट बांधू नये. या उपायांनी जखम चिघळते आणि वेळही जातो. त्यानंतर डॉक्टर जखमेचा वर्ग ठरवतात : धड त्वचेवर नुसते चाटले असल्यास पहिला वर्ग, ज्यात लस लागत नाही, रक्त न येता ओरखडा उठला असल्यास दुसरा, ज्यात लस लागते, आणि रक्त आले, किंवा फाटलेल्या त्वचेला अथवा डोळे-तोंडाच्या ओलसर अस्तराला लाळ लागली, तर तिसरा. या तिसऱ्या वर्गात लसीबरोबरच तयार प्रतिपिंडांचे औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते, कारण लसीने शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत विषाणूला तोंड द्यायला कोणीतरी हवे असते. लसीच्या मात्रा पहिला दिवस शून्य धरून, त्वचेत दिल्या तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, आणि स्नायूत दिल्या तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी देतात. ज्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धडकी अजून आहे, त्यांना हे मुद्दाम सांगावे लागते की ती लस, जी डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ मध्ये तयार केली होती आणि जी मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, तिचे उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस बंद झाले. आताच्या लसी दंडात दिल्या जातात. ज्याने पूर्वी सगळ्या मात्रा पूर्ण केल्या आहेत, त्याला पुन्हा चावा झाल्यास दोनच मात्रा, ० आणि ३ या दिवशी, पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. यासाठी माणसाचे जुने लसीचे कार्डही कुत्र्याच्या कार्डाशेजारी जपून ठेवावे.

चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा असे जे सांगतात त्यामागे कारण आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ लागतो तो लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. मात्र या दहा दिवसांची वाट पाहत उपचार लांबवायचे नसतात. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि कुत्रा ठीक राहिल्यास पुढे काय बदल करायचा तो डॉक्टरांनी ठरवायचा. कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावरून माणसाने लस टाळू नये. चावऱ्या कुत्र्याला मारून टाकणे किंवा गाडीत घालून दूर जंगलात सोडणे हा यातला सर्वांत घातक मार्ग आहे, कारण त्याने निरीक्षणाची संधीच नाहीशी होते. शिवाय प्राण्याला उपाशीतापाशी टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि खाप्याच्या आसपासच्या वनक्षेत्रात सोडलेला कुत्रा कोल्ह्यांसारख्या वन्यप्राण्यांशी संपर्कात येऊन रोगाला नवी वाट करून देऊ शकतो.

कायद्याची बाजू सामान्य माणसाला विस्कळीत वाटते, आणि ती तशी आहेही. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ ने नगरपरिषदेला कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे, पण तो ऐच्छिक करांपैकी एक असल्याने नगरपरिषदेने रीतसर निर्णय घेऊन तो लागू केला तरच वसूल होतो. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २००१च्या नियमांत पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना ही मालकाची जबाबदारी असल्याचे म्हटले होते. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३च्या नियमांनीही पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण मालकाकडेच ठेवले आणि रस्त्यावरील कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेकडे दिली. मग अर्धा पाळलेला, अर्धा रस्त्यावरचा कुत्रा कोणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न उरतोच. नागपुरात हाच प्रश्न न्यायालयात गेला होता : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ते दत्तक घेऊन महापालिकेत नोंदवावेत असे म्हटले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आग्रहाला स्थगिती दिली. भाकर टाकल्याने माणूस कायद्याने मालक होत नाही, असे त्यातून समजून चालायला हरकत नाही. परंतु ज्याला आपण आमचा म्हणतो, ज्याच्या गळ्यात आपण पट्टा घालतो आणि जो आपल्या दारी झोपतो, त्याच्याबाबत चावा झाल्यावर हात झटकणे न्याय्य ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ तर आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा ५,००० रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगते, आणि तेथे परवाना होता की नव्हता हा मुद्दा नसून कुत्रा कोणाच्या ताब्यात होता हा मुद्दा आहे.

खाप्यातील पाळणाऱ्याने म्हणून करावयाचे ते असे की नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात जाऊन श्वान नोंदणीची पद्धत, शुल्क आणि मुदत विचारावी. छापील अर्ज मिळाला तर तो भरावा, आणि न मिळाल्यास साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे कुत्र्याचे वर्णन, स्वतःचे नाव-पत्ता आणि लसीच्या कार्डाची प्रत जोडून अर्ज द्यावा व त्याची शिक्क्यासह पोच घ्यावी. ही पोच परवान्याची जागा घेत नाही, परंतु मालकीची आणि लसीची तारखेनिशी नोंद सरकारदरबारी असल्याचा तो पुरावा आहे. परवाना मिळाल्यास त्याची मुदत आणि लसीची तारीख एकाच महिन्यात येईल अशी सोय करून घेणे शहाणपणाचे, कारण दोन निरनिराळ्या तारखांपैकी एक हमखास विसरली जाते. वावरात राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला या सगळ्यातून वगळण्याची सवय विशेष धोक्याची आहे. त्याचाच रानातल्या प्राण्यांशी सर्वाधिक संबंध येतो आणि त्यालाच दवाखान्यात नेण्याचे सर्वांत जास्त टाळले जाते. पशुवैद्यकीय दवाखान्याला विनंती करून एका शिवारातील कुत्र्यांची टोचणी एकाच दिवशी करून घेणे शक्य असते, आणि एखाद्या क्षेत्रातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, या तत्त्वावरच २०३०पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झाला आहे.

कुत्रा संशयास्पद लक्षणांनी मेला, तर काम संपत नाही. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९च्या कायद्यात रेबीज हा अनुसूचित, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे, आणि मालकाने तशी खबर स्थानिक अधिकाऱ्याला देऊन पशुवैद्यकापर्यंत पोचवली पाहिजे. मृतदेह उघड्या हातांनी हाताळू नये, आणि तो कन्हानच्या पात्रात तर मुळीच टाकू नये. तसे करणे त्याच कायद्याने दंडनीय आहे, आणि हीच नदी पुढे जाऊन नागपूर शहराला पाणी पुरवते. पशुवैद्यकाने मेंदूचा नमुना तपासणीस पाठवण्याचे ठरवले, तर मृतदेह पुरण्याची घाई करू नये, कारण त्या तपासणीचा निकाल कुत्र्याच्या लाळेशी संबंध आलेल्या घरातील व शेजारातील प्रत्येकाच्या उपचारासाठी लागतो. नमुना काढून झाल्यावर चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावे, आणि नगरपरिषदेत जाऊन त्या कुत्र्याची नोंद रद्द करून घ्यावी.