आधी ऐकायचं, मग स्क्रू काढायचा

बी.कॉम. झाल्यावर मी कराडहून मुंबईला मावशीकडे आले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे रस्त्याचं खरं नाव पाटीवर आणि पत्त्यात असतं, बोलण्यात लॅमिंग्टनच. दिवसभर दुकानात कॅबिनेट उघडायचे आणि रात्री कॉम्पटियाच्या ए प्लस परीक्षेचा अभ्यास करायचा, असं दीड वर्ष चाललं. आता कराडला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे आणि दोन मुलं माझ्याकडे शिकतात. त्यांना रोज जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. गिऱ्हाइकाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

पहिल्याच महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले. म्हणाले, "बँकेची साइट उघडत नाही, व्हायरस शिरलाय." मी लगेच स्कॅन लावला. तास गेला, काही सापडलं नाही. दुकानातले जुने कारागीर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, खुर्ची ओढून सरांजवळ बसले आणि विचारलं, "सर, हे कधीपासून होतंय? रोज होतं का?" सर आठवून म्हणाले, "रात्री मुख्य बटण बंद केलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास." मामांनी मला पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. मशीन कित्येक वर्षं मागे होतं.

मदरबोर्डवर तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. तारीखच चुकली की तो साइट नाकारतो. नाण्याएवढा सेल बदलून काम झालं. कधीपासून, त्याआधी काय बदललं, नेहमी होतं की अधूनमधून, हे तीन प्रश्न मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पुढे अभ्यासात दुरुस्तीचा सहा पायऱ्यांचा क्रम आला, तेव्हा पहिली पायरी हीच निघाली: वापरणाऱ्याला विचारून अडचण नेमकी ओळखणे.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

बंद पडलेल्या एका मशीनची रॅम आणि एसएमपीएस मी घाईत एकदम बदलले. मशीन सुरू झालं, पण दोष कशात होता ते मला सांगता येईना, आणि त्या माणसाला दोन्हीचे पैसे पडले. मला ते अजून खटकतं. आता आधी वायर, मग सॉकेट, मग रॅम काढून परत बसवणं, असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम मी मोडत नाही. पावसाळ्यात तर निम्मी मशीन्स रॅम नीट बसवली की चालू होतात. बाजारात रॅमची पट्टी खोडरबरने पुसतात. पुसायची तर हलक्या हाताने, कारण सोनेरी मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळत असेल तर तेच वापरावं.

३. डेटा त्यांचा आहे.

याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते. एका ताईंचा संगणक विंडोज टाकायला आला होता. आत दोन डिस्क होत्या: नवी एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क. डिस्कपार्ट उघडून मी शून्य क्रमांकाची डिस्क निवडली आणि क्लीन दिलं. शून्य म्हणजे एसएसडीच, असं मी धरून चालले होते. ती हार्ड डिस्क होती. मुलीच्या बारशापासून दहावीपर्यंतचे सगळे फोटो त्यात होते.

मामांनी तिथल्या तिथे मशीन बंद करायला लावलं. साध्या क्लीनने डिस्कवरची विभागणी पुसली जाते, आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. दुसऱ्या मशीनला ती डिस्क जोडून आम्ही रात्रभर रिकव्हरी चालवली. बहुतेक फोटो परत मिळाले, पण फोल्डरची नावं गेली होती. ताईंना मी जे घडलं ते सगळं सांगितलं, आणि पुढचे दोन रविवार त्यांच्याकडे बसून फोटो वर्षांप्रमाणे लावून दिले. त्या जागी एसएसडी असती तर पुसलेली जागा रिकामी करणाऱ्या ट्रिममुळे परत काही मिळण्याची आशा फारच कमी राहिली असती.

तेव्हापासून हात लावण्याआधी बॅकअप. डिस्क क्रमांकावरून ओळखायची नाही, आकार बघून ओळखायची. आणि जिच्याशी काम नाही तिची केबल आधी काढून ठेवायची. "फॉर्मॅट मारून द्या" असं गिऱ्हाईक सहज म्हणून जातं. काय काय जाणार आहे ते त्याला एकदा स्पष्ट सांगायचं, मगच पुढे जायचं.

४. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली असू शकते. तो बदलायचाच.

५. पुस्तक इंग्रजीत असलं तरी समजून मराठीत घ्यायचं.

मला डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवर मशीनला पत्ता मिळण्याची पद्धत, कितीदा वाचूनही कळत नव्हती. मग मी स्वतःलाच सांगितलं: लग्नाच्या जानवशावर एक माणूस यादी घेऊन उभा असतो, येणाऱ्या प्रत्येकाला खोली नेमून देतो, आणि ती खोली ठरावीक वेळेपुरतीच असते. तो माणूस भेटलाच नाही, तर पाहुणा व्हरांड्यात आपली वळकटी पसरतो. मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, व्हरांड्यात झोपलंय. मग इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी आपली केबल आणि राउटर तपासायचा.

लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्याही मी पाठ केल्या होत्या, पण त्या कळल्या एका पतपेढीत. छापलेल्या पावतीवरची अक्षरं बोटाने पुसली जात होती. टोनर कागदावर नीट आला होता, म्हणजे आधीच्या पायऱ्या ठीक होत्या. उष्णतेने आणि दाबाने तो कागदावर पक्का करणारा फ्यूजर मात्र गरम होत नव्हता.

६. परीक्षेबद्दल थोडक्यात. पेपर दोन. पहिल्यात हार्डवेअर, नेटवर्क, मोबाइल. दुसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षितता, कामाची पद्धत. प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. ९०० पैकी पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. प्रत्यक्ष करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात, त्यांत अडकलात तर खूण करून पुढे जा. २०२५ मध्ये नवी मालिका आली आहे, २२०-१२०१ आणि २२०-१२०२. जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी आकडा बघून घ्या. फुटलेल्या प्रश्नांच्या फायली फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी भंगारातून एखादं जुनं मशीन आणा आणि दहा वेळा उघडून जोडा.

७. मशीन टाकून द्यायला सांगण्याआधी ते पूर्ण तपासायचं.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून चांगली चालणारी मशीन्स घेऊन लोक घाबरून येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि बऱ्याच मशीन्समध्ये ते असतं, पण युईएफआयच्या सेटिंगमध्ये बंद असतं. सुरू केलं आणि प्रोसेसर यादीत असला तर काम होतं. नसलाच, तर शाळकरी मुलाच्या अभ्यासाला लिनक्स घालून ते मशीन आणखी काही वर्षं चालतं. नवं घ्या म्हणणं सोपं आहे, पण समोरच्या माणसाचा महिन्याचा हिशेब मला माहीत असतो.

८. लिहून ठेवायचं. सहा पायऱ्यांतली शेवटची हीच, आणि मुलं हीच टाळतात. आमच्या वहीत तारीख, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, काय तपासलं, काय बदललं, एवढं असतं. काल शिकाऊ मुलीने लिहिलं: "दवाखान्याचं मशीन. 'आपोआप बंद होतं.' विचारलं तर फक्त दुपारी. पंखा धुळीने भरलेला, साफ केला, पेस्ट नवी लावली. शनिवारी फोन करून विचारायचं."