घरचा राऊटर आणि अडलेली फाईल

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. नेरळ, कर्जत, खोपोली येथील पुष्कळ कुटुंबांतील माणसे कामानिमित्त मुंबई-पुण्यास असतात. घरच्या संगणकातील जमिनीची कागदपत्रे वा हिशेब तेथून पाहता यावेत, अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. मात्र घरात इंटरनेट सुरळीत चालू असूनही बाहेरून फाईल मिळत नाही, असा अनुभव येतो.

याचे कारण राऊटरच्या कार्यपद्धतीत आहे. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणे तो आतून बाहेर जाणाऱ्यास सोडतो. बाहेरून अनाहूत आलेल्यास परतवितो. म्हणून दोष शोधताना आतून बाहेर असा क्रम ठेवावा.

प्रथम घरातल्या घरात दुसऱ्या संगणकावरून फाईल उघडून पाहावी. ती न उघडल्यास अडथळा बहुधा संगणकाच्या फायरवॉलमध्ये असतो. फायरवॉल पूर्ण बंद न करता केवळ आवश्यक परवानगी द्यावी.

त्यानंतर राऊटर तपासावा. बाहेरची मागणी योग्य संगणकाकडे वळविण्यासाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चा नियम लागतो. वीज जाऊन राऊटर पुन्हा सुरू झाला की संगणकाचा अंतर्गत पत्ता बदलू शकतो व नियम निरुपयोगी ठरतो. म्हणून तो पत्ता कायम करून ठेवावा. कंपनीच्या यंत्रापुढे स्वतःचा राऊटर जोडला असल्यास पहारे दोन होतात. त्यांपैकी एक ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवावा. चाचणी घरच्या वायफायवरून न करता मोबाईलच्या इंटरनेटवरून करावी.

एवढ्यानेही काम न झाल्यास राऊटरमध्ये दिसणारा बाह्य पत्ता पाहावा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ असल्यास, कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, असे समजावे. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिक विभागातील त्यांचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये जवळजवळ संपला आणि २०१२ मध्ये हा पत्तासमूह अशा वाटपासाठी राखला गेला. अशा स्थितीत राऊटरमधील कोणताही बदल उपयोगी पडत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा घरातूनच सुरू होणारी व्हीपीएन जोडणी वापरावी.

सार्वजनिक पत्ता असला, तरी विंडोजच्या फाईल-देवाणघेवाणीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटसाठी कदापि उघडू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम याच मार्गाने जगभर पसरला आणि असंख्य संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. तेव्हा राऊटरचा मूळ पासवर्ड बदलावा, प्रयोगासाठी उघडलेले पोर्ट काम होताच बंद करावेत आणि महत्त्वाच्या दस्तऐवजांची एक प्रत संगणकाबाहेर जपावी. फाईल उशिरा मिळाली तर फार बिघडत नाही. ती परक्याच्या हाती पडली तर मात्र नुकसान भरून येत नाही.